पंचविशीतला गुडघा

संध्याकाळी पाचनंतर पडघ्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात जा, एखादं तरी कबड्डीचं मैदान जागं असतं. चढाईला गेलेला पोरगा बोनससाठी पाय टाकतो, कोपऱ्यातला घोटा पकडतो, अंग एकीकडे वळतं आणि पाय जमिनीत रोवलेलाच राहतो. आतून ‘टक्’ असा आवाज. ‘‘गुडघा सटकला रे!’’ मग दोघं त्याला उचलून बाजूला आणतात. थंड पाण्याची बाटली, घरी गेल्यावर मालिश, कुणीतरी सुचवलेला लेप, मेडिकलमधून आणलेली नी-कॅप. सूज उतरली की पठ्ठ्या पुन्हा मैदानात. कारण पुढच्या रविवारी स्पर्धा असते ना!

हे तुम्ही बघितलंय. कदाचित तो पोरगा तुम्हीच असाल.

गुडघेदुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी येते. जिना चढताना कठड्याला धरणारी, खाली बसली की ‘हात दे गं’ म्हणणारी. हा विषय आपला नाही, असं आपण ठरवूनच टाकलेलं असतं. पण ज्यांनी यावर संशोधन केलं, त्यांच्या कागदांवर तुमचंच वय सापडतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४८ ते १९६४ या काळात शिकलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा माग तिथल्या संशोधकांनी कित्येक दशकं ठेवला. भरती झाली तेव्हा ही मुलं बाविशीच्या आसपासची, म्हणजे तुमच्या सीनियर्सएवढी. त्यातल्या १,३२१ जणांचा हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला. किशोरवयात किंवा तरुणपणी ज्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली होती, त्यांच्यापैकी १३.९ टक्के लोकांना पासष्टीपर्यंत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस झाला. ज्यांना दुखापत नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के. दुपटीहून जास्त!

तो ‘टक्’ आवाज बऱ्याचदा एसीएल नावाच्या लिगामेंटचा असतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या मधोमध तिरकं बांधून ठेवणारा हा दोर. तो तुटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांच्या एक्स-रेमध्ये १० ते २० वर्षांत सांध्याची खराबी दिसू लागते, असं २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी केलेल्या आढाव्यात म्हटलंय. म्हणजे विशीत तुटला, तर चाळिशीच्या आत. आजीच्या वयाची वाट बघायची गरज नाही.

मुळात आत होतं काय? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. रक्तपुरवठा नाही म्हणून ती सहज भरून येत नाही, नसा नाहीत म्हणून सुरुवातीला बोंबही मारत नाही. दुखायला लागतं ते आजूबाजूचं, म्हणजे हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू. आपण ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपलं’ म्हणतो, जणू यंत्रमागाचा एखादा पार्टच. (भिवंडी तालुक्यात दुसरं काय सुचणार म्हणा!) पण माग स्वतःला दुरुस्त करायला बघत नाही, सांधा बघतो. कडेला हाडाचे नवे कोंब येतात, अस्तराला सूज येते. म्हणून संशोधक आता याला नुसती झीज म्हणत नाहीत, अख्ख्या सांध्याचा आजार म्हणतात. एक्स-रे खराब पण माणूस मजेत, किंवा एक्स-रे बरा आणि माणूस हैराण, अशा दोन्ही गमती यात चालतात.

आता आपल्याकडचं बघू. भिगवण माहितेय? उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला आणि रील काढायला जाता, तेच पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. १९९६ साली तिथं वेगळीच मोजणी झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीनं घरोघरी पाहणी केली. प्रशिक्षित स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन दारात जायचे. तिच्यात माणसाची एक आकृती असते आणि कुठं दुखतं ते तिच्यावर दाखवायचं असतं. ४,०९२ प्रौढांना विचारलं, ७४६ जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. १८.२ टक्के. दुखऱ्या जागांच्या यादीत गुडघा अगदी वर होता. खेड्यातली माणसं राबतात म्हणून त्यांची हाडं शहरवाल्यांपेक्षा दणकट, ही आपली लाडकी समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

चोप्रांच्या गटानं पुढं आणखी एक काम केलं. ते मला जास्त आवडतं, कारण ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. सुंठ, गुळवेल, आवळा, गुग्गुळ यांवर आधारलेल्या औषधांची त्यांनी ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या ॲलोपॅथीच्या गोळ्यांशी रीतसर तुलना केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, आणि कोण काय घेतंय हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. २०१३ साली निकाल छापून आला. दुखणं कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं गोळ्यांच्या तोडीची ठरली. पण काही रुग्णांच्या रक्तात यकृताच्या तपासणीचे आकडे वाढलेले आढळले, औषध थांबवल्यावर ते उतरले. घरी कुणी ‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’ म्हणत रोज काढा ढोसत असेल, तर या बातमीचा दुसरा अर्धा भागही वाचून दाखवा.

ऑपरेशनचं विचाराल, तर २००२ सालची ह्यूस्टनची गोष्ट ऐकाच. दुर्बिणीतून गुडघा साफ करायची शस्त्रक्रिया तेव्हा जोरात होती. डॉक्टरांनी १८० रुग्णांचे गट पाडले आणि एका गटाला चक्क खोटं ऑपरेशन दिलं. त्वचेवर छेद, आवाज, टाके सगळं खरं, आत मात्र काही केलं नाही. दोन वर्षांनी खऱ्या आणि खोट्या ऑपरेशनवाल्यांच्या दुखण्यात फरक नव्हता. सांधा बदलण्याचं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट, शेवटच्या टप्प्यात ते कामाचं आहेच.

मग हातात काय उरतं? कंटाळवाण्या गोष्टी. मांडीचे स्नायू मजबूत ठेवणं आणि वजन. जाड आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांच्या एका अभ्यासात १ किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोंनी उतरताना दिसला. खडवली स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या मोजा आणि गुणाकार तुम्हीच करा. ‘धावून गुडघे जातात’ हे ऐकून पळणं सोडलं असेल, तर २०१७ च्या एका आढाव्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये खुब्या-गुडघ्याचा हा आजार ३.५ टक्के होता, न धावणाऱ्यांमध्ये १०.२ आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३. धावल्यामुळेच वाचले असं यातून सिद्ध होत नाही, पण बसून राहायला निमित्तही मिळत नाही.

आणि मैदानावर? फुटबॉलवाल्यांचा ‘फिफा ११ प्लस’ हा २० मिनिटांचा वॉर्मअप यूट्यूबवर सापडतो. नॉर्वेतल्या मुलींच्या संघांमध्ये त्यामुळे एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. कबड्डीच्या संघानं तो करून बघायला काय हरकत आहे? गुडघा ‘टक्’ वाजून काही तासांत सुजला, अडकू लागला, चालताना दगा देऊ लागला, तर मालिश नको. अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. नी-कॅप घातल्यानं तुटलेला दोर जोडला जात नाही. गोदामात लोडिंगला जाणाऱ्यांनाही हेच लागू. गुडघे वाकवून काम आणि जड वजन ही जोडी अनेक देशांतल्या अभ्यासांत बदनाम झालेली आहे.

शेवटी एक काम सांगतो, आज रात्रीच करा. बीजिंगमध्ये साठी उलटलेल्या लोकांना संशोधकांनी एक प्रश्न विचारला होता: पंचविसाव्या वर्षी तुम्ही दिवसातून किती वेळ उकिडवे बसायचा? जे रोज ३ तास किंवा त्याहून जास्त बसायचे, त्यांच्या गुडघ्यात खराबी असण्याची शक्यता अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. हाच प्रश्न तुमच्या आजीला विचारा. चूल, भांडी, धुणं, गोठा, गवताची कापणी, ती एकेक मोजत जाईल. लावणीचे दिवस वेगळे धरा, ते ओणव्यानं असतात. बोटं पुरली नाहीत तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा, आणि ती बेरीज सांगेल तेव्हा तिला खुर्चीवर बसवून ऐका.