आखाडा आणि पडदा : लेखांक ४
दमाचा जमाखर्च

मिश्र युद्धकलेच्या संगणकीय खेळात प्रहाराचे बल कसे ठरते, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. ते बल ज्या भांडवलावर उभे असते त्या दमाची मीमांसा आज करावयाची असून, तिच्यासाठी बीड जिल्ह्यातील तालमींचा अनुभव संगणकाच्या गणिताइतकाच उपयोगी पडणारा आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी पट्टी म्हणजेच मल्लाचा सारा दम, अशी नवख्या खेळाडूची समजूत असते. परंतु ईए स्पोर्ट्‌सच्या २०१४ पासून निघत असलेल्या ‘यूएफसी’ मालिकेसारख्या खेळांत दमाच्या दोन राशी धरलेल्या असतात. मोगलाईतील एखाद्या तहसिलीच्या खजिन्यात आजची शिल्लक ही एक बाब आणि तालुक्याचा वसूल ही दुसरी. शिल्लक एका दिवसात उडवली तरी वसुलाने पुन्हा भरते, पण जमीनच पडीक पडू लागली तर खजिना पूर्वीच्या पातळीस कधीच पोहोचत नाही. तद्वतच क्षणिक दम हात आवरताच परत येतो. परंतु अविचाराने केलेला खर्च आणि पोटावर बसलेले प्रहार यांमुळे दीर्घकालीन दमाची कमाल मर्यादाच फेरीगणिक खाली सरकत जाते.

खर्चाचे दरही सर्वत्र सारखे नसतात. लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा महाग पडतो, आणि एकामागून एक प्रहारांची माळ लावली तर पुढच्या प्रहारांचा जोर ओसरत जातो. शिल्लक संपत आलेल्या मल्लाचा वार मंदावतो, बचाव ढिला पडतो आणि एरवी सहज पचला असता असा तडाखा त्याला लोळवून जातो. दोन फेऱ्यांमधील एका मिनिटाच्या विश्रांतीत काही भरपाई होते. पूर्ण मात्र होत नाही.

ही योजना मनुष्यदेहाच्या व्यवहारास बऱ्याच अंशी धरून आहे. सर्वस्व पणास लावून केलेल्या झेपेस लागणारी ऊर्जा स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनपासून मिळते आणि तो साठा आठ-दहा सेकंदांतच आटत येतो. त्यापुढे ग्लायकोजेनचे प्राणवायूवाचून विघटन होऊ लागते व अंग जड पडते. हे ऋण फेडण्याचे काम प्राणवायूवर चालणारी संथ यंत्रणा करते. म्हणून छाती व हृदय ज्याचे तयार असते, तो दोन झटापटींच्या मधल्या अल्प अवकाशात लवकर सावरतो. खरा दमदार मल्ल तोच, की ज्याची भरपाई वेगाने होते.

पाटोद्याचा राहुल आवारे हे या तत्त्वाचे आपल्या जिल्ह्यातील ठळक उदाहरण होय. हरिश्चंद्र बिराजदार आणि त्यांच्या पश्चात काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात घडलेल्या या मल्लाने २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाची अंतिम कुस्ती कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध १५–७ अशी जिंकली, तर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत आणि मधल्या तीस सेकंदांच्या विरामात दोघांचे मिळून बावीस गुण होणे, याचा अर्थ दोघांनाही पुनःपुन्हा खजिना रिता करून तो तिथल्या तिथे भरावा लागला. तालमीतील शेकड्यांनी मारलेल्या बैठका आणि जोर, हौदातील माती उकरण्याचे कष्ट, तसेच थकलेल्या पठ्ठ्यावर वस्तादांनी ताजा जोडीदार सोडण्याचा रिवाज, हे सारे याच भरपाईचे शिक्षण होय. खडाखडीत वेळ घालविणारा मल्लही पुष्कळदा श्वास गोळा करीत असतो, हे जाणता प्रेक्षक ओळखतो.

मात्र एका बाबतीत पडदा वास्तवाहून उदार आहे: तेथे नियमाने ठरलेली विश्रांती कधीही हिरावली जात नाही. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी दीर्घ लढत देऊन उतरलेल्या खाशाबा जाधवांना, दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम असूनही, लागलीच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोवसमोर उभे करण्यात आले. आणि नियमावर बोट ठेवणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. शिणलेले खाशाबा ती कुस्ती हरले व कांस्यपदक घेऊन परतले. मल्लाचा दम हा त्याच्या छातीबरोबरच त्याच्या व्यवस्थेचाही विषय आहे, हे या प्रसंगावरून उघड होते.

खेळणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध व्यवहारी आहे. झेप हुकली की तिच्यामागे दुसरी झेप न घालता मागे सरावे. प्रतिस्पर्ध्याच्या पोटावर पहिल्या फेरीपासून मारा ठेवावा, कारण त्याचे फळ तिसऱ्या फेरीत हाती येते. आणि आपली पट्टी अर्ध्यावर आली असता समोरच्याच्या पट्टीचा अदमास घेतल्यावाचून पुढे घुसू नये. जमिनीवर गेल्यानंतर वरचा मल्ल केवळ आपल्या भाराने खालच्याचा दम कसा खच्ची करतो, आणि ताब्याच्या या राजकारणास खेळात काय किंमत दिलेली असते, ते पुढील लेखांकात पाहू.