दहा टक्के मोठे की बारा टक्के?



शीर्षक वाचून पाचवीतली मुलेसुद्धा हसतील. "सर, बारा मोठे!" असे उत्तर येईल आणि वर्गात ते बरोबरच आहे. पण कर्जाच्या कागदावर हेच उत्तर कधी कधी चुकते, आणि ते चुकले की त्याची झळ थेट आपल्या शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचते. म्हणून या अंकात आम्ही व्याजाचा हिशोब घेतला आहे.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. फी थकलेल्या पालकांना आम्ही एकेक करून भेटायला बोलावत होतो. एक ताई आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "सर, मुलीचे नाव काढून घ्यावे म्हणते. दाखला कधी मिळेल?" मुलगी हुशार, सातवीत. आम्ही कारण विचारले. ताईंनी वर्षाच्या सुरुवातीला घरी पिठाची चक्की टाकली होती आणि तिच्यासाठी साठ हजारांचे कर्ज काढले होते. चक्की बरी चालत होती, पण हप्ता भरला की हाती काही उरत नव्हते.

कर्ज घेताना त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एका बँकेत १२ टक्के सांगितले होते, दुसऱ्या ठिकाणी १० टक्के. दोन्हीकडे मुदत एक वर्षाची. "दहाच टक्के आहे हो सर, बारापेक्षा कमीच ना?" असे म्हणून त्यांनी पिशवीतून कागद काढला. हिशोब असा होता : साठ हजारांवर १० टक्क्यांनी एका वर्षाचे व्याज ६,००० रुपये, एकूण ६६,००० रुपये, त्याचे बारा हप्ते, दरमहा ५,५०० रुपये. आम्ही तो दोनदा वाचला. खोटे कुठेच नव्हते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर.

चूक गणितात नव्हती, सूत्रात होती. सरळव्याजाचे सूत्र सगळ्यांना पाठ असते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, आमच्या पुस्तकात ते 'मूलधन गुणिले दर गुणिले समय, भागिले सौ' असे होते. मराठीत मुद्दल, दर आणि मुदत. पण या सूत्रात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही बरीच वर्षे मुलांना सांगितली नाही. मुद्दल पूर्ण मुदतभर जसेच्या तसे घेणाऱ्याकडे राहते आणि शेवटच्या दिवशी एकदम परत होते, असे ते सूत्र धरून चालते. हप्त्याच्या कर्जात तसे होत नाही. पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल थोडे थोडे परत जाऊ लागते.

व्याज म्हणजे पैशाचे भाडे, दुसरे काही नाही. स्नेहसंमेलनाला आपण मंडपवाल्याकडून खुर्च्या आणतो. समजा, १२० खुर्च्या आणल्या आणि रोज दहा परत करत गेलो. तरी मंडपवाला बारा दिवस रोज १२० खुर्च्यांचेच भाडे मागू लागला, तर आपले शिपाईकाकासुद्धा त्याच्याशी भांडतील. कारण परत गेलेल्या खुर्च्या डोळ्यांना दिसतात. परत गेलेले पैसे दिसत नाहीत, म्हणून तिथे कुणी भांडत नाही.

आता ताईंचा हिशोब पुन्हा मांडू. ५,५०० च्या हप्त्यात ५,००० मुद्दलाचे आणि ५०० व्याजाचे, असे कागदावर होते. म्हणजे पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे ६०,००० रुपये होते, दुसऱ्या महिन्यात ५५,०००, तिसऱ्या महिन्यात ५०,०००, असे उतरत बाराव्या महिन्यात फक्त ५,०००. या बारा आकड्यांची बेरीज ३,९०,००० येते. तिला बाराने भागले तर ३२,५००. म्हणजे वर्षभर त्यांच्या वापरात सरासरी साडेबत्तीस हजार रुपयेच होते आणि भाडे मात्र साठ हजारांचे चालले होते. साडेबत्तीस हजारांवर सहा हजार व्याज, म्हणजे शेकडा अठराच्याही थोडे वर.

शेवटच्या महिन्याकडे बघा. बाकी मुद्दल ५,००० आणि त्या एका महिन्याचे व्याज ५००. एका महिन्याला दहा टक्के! वर्षाला दहा टक्के म्हणून घेतलेल्या कर्जाचा शेवट असा होतो.

या पद्धतीला 'फ्लॅट रेट' म्हणतात. दुसरी पद्धत घटत्या शिलकीची. तिच्यात दरमहा जेवढे मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच व्याज लागते. बँकेचे १२ टक्के या दुसऱ्या पद्धतीचे होते. त्या कर्जाचा हप्ता ५,३३१ रुपये आला असता. पहिल्या महिन्याचे व्याज ६०० रुपये, म्हणजे ताईंच्या ५०० पेक्षा जास्तच. पण मुद्दल घटते तसे व्याजही घटते. दुसऱ्या महिन्यात ५५३ आणि शेवटच्या महिन्यात अवघे ५३ रुपये. वर्षभराचे एकूण व्याज सुमारे ३,९७० रुपये. तिकडे 'स्वस्त' दहा टक्क्यांचे व्याज ६,०००. म्हणजे बारा टक्क्यांचे कर्ज दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा दोन हजारांनी स्वस्त होते.

आठवीच्या मुलांना आम्ही हे उदाहरण नाव न सांगता दिले. दरमहा बाकी रकमेवर दीड टक्का व्याज धरा, म्हणजे वर्षाला १८, आणि ५,५०० चा हप्ता वजा करत जा, असे सांगितले. पहिल्या महिन्यात व्याज ९००, मुद्दल फिटले ४,६००, बाकी ५५,४००. दुसऱ्या महिन्यात व्याज ८३१, बाकी ५०,७३१. असे करत बाराव्या हप्त्यानंतर दहा-अकरा रुपये बाकी उरले. साठ हजारांच्या कर्जात दहा-अकरा रुपये म्हणजे काहीच नाही. तेव्हा खरा दर अठरा टक्के, यात शंका नाही. दोन मुलांनी सातव्या महिन्यात वजाबाकी चुकवून भलतीच बाकी काढली, पण त्यांचीच चूक शोधताना सगळ्या वर्गाला हिशोब नीट कळला. असो.

घरच्या घरी करायचा अंदाज असा की, मासिक हप्त्याच्या कर्जात 'फ्लॅट' दर सांगितला तर त्याची जवळजवळ दुप्पट, पण दुपटीपेक्षा थोडी कमी, धरावी. १० टक्के फ्लॅट म्हणजे मुदत एक वर्ष असो, दोन असो की तीन, खरा दर १८ च्या आसपासच येतो.

अजून एक गोष्ट त्या कागदात होती. 'फाइल चार्ज' म्हणून १,२०० रुपये आधीच कापून घेतले होते. हातात आले ५८,८०० आणि व्याज मात्र साठ हजारांवर. हे धरले तर खरा दर २२ टक्क्यांच्या जवळ जातो. दहापासून बावीसपर्यंतचा हा प्रवास एकाच कागदावर होता आणि त्यावर सही करणारी बाई दहावी पास आहे, हिशोबाला पक्की आहे. म्हणून कर्जात फसलेल्या माणसाला अडाणी म्हणणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. १९९८ साली आम्ही पहिली दुचाकी हप्त्यावर घेतली, ती फ्लॅट दरानेच, आणि 'किती कमी दर मिळाला' म्हणून घरी पेढेही आणले होते. तेव्हा आम्ही गणितच शिकवत होतो.

बाजारात अजून एक बोली चालते, 'दोन रुपये शेकडा'. आपल्या इंदुरात हिंदीत 'दो रुपया सैकड़ा' म्हणतात. ऐकायला दोन टक्के वाटते, पण तो दर महिन्याचा असतो. वर्षाचे २४ झाले.

आता 'बिनव्याजी' हप्त्यांविषयी, कारण दिवाळीच्या सुमारास बरेच पालक याच वाटेने मोबाइल घेतात. समजा, दुकानात मोबाइलची किंमत १८,००० लिहिली आहे. सहा हप्ते, प्रत्येकी ३,०००, व्याज शून्य. दुकानदाराला विचारा, "रोख दिले तर किती?" तो १६,८०० म्हणाला, तर मोबाइलची खरी किंमत १६,८०० आहे आणि वरचे १,२०० हे व्याज आहे. रक्कम लहान दिसते, पण सहा महिन्यांत फिटणाऱ्या पैशावर ती वर्षाला सुमारे २४ टक्के पडते. रोखीचा भावही १८,००० च असेल आणि वर कसलीही फी नसेल, तर मात्र हप्ते घेणाऱ्याचा फायदा आहे, खुशाल घ्यावेत. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडूनच वसूल होते.

विश्वस्त मंडळींना आठवत असेल, मागे एका कंपनीचे प्रतिनिधी शाळेत आले होते. कंपनी पूर्ण वर्षाची फी शाळेला एकदम देणार, तीतून काही रक्कम कापून घेणार आणि पालकांकडून 'बिनव्याजी' हप्ते वसूल करणार, असा प्रस्ताव होता. शाळेच्या तिजोरीला तो सोयीचा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण कापलेली ती रक्कम म्हणजेच व्याज. पहिल्या वर्षी ते शाळेने सोसले असते, पुढच्या वर्षी फी वाढवून सगळ्याच पालकांकडून घेतले असते, अगदी रोख भरणाऱ्यांकडूनही. शिवाय हप्ता चुकला तर पालकाच्या दारात शाळा नाही, कंपनी उभी राहिली असती. आम्ही विरोधात मत दिले आणि आजही ते बदललेले नाही.

आता कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की बिगरबँक वित्त कंपनी, व्यक्तीला मुदतीचे नवे कर्ज देताना तिने करारापूर्वी एक 'मुख्य तथ्य विवरण' दिलेच पाहिजे. त्यात 'वार्षिक टक्केवारी दर' लिहिलेला असतो. व्याज, फी, कर्जासोबत कंपनीमार्फत वसूल होणारा विमा वगैरे सगळे मिसळून वर्षाला खरोखर किती टक्के पडते, तो हा आकडा. ताईंच्या कागदावर हा आकडा असता, तर तिथे १० नव्हे, २२ च्या जवळपासचा आकडा दिसला असता. दोन कर्जांची तुलना करायची तर याच आकड्यांची करावी, तोंडी सांगितलेल्या दरांची नव्हे.

हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे आणि त्याला समजावून सांगावे, असेही नियमात आहे. तेव्हा इंग्रजी कागद पुढे आला तर संकोच न करता हिंदीत किंवा मराठीत मागावा. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. म्हणजे 'आजच सही करा, उद्या दर वाढेल' असे कुणी घाई करत असेल, तर कागद घेऊन सरळ घरी यावे. विवरणात न लिहिलेली फी नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे नियम क्रेडिट कार्डाच्या उधारीला लागू नाहीत, आणि ओळखीच्या सावकाराकडे असले काही विवरण मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

त्या ताईंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. चमत्कार काही झाला नाही. करारावर सही झालेली होती, उरलेले हप्ते त्यांनी त्याच दराने भरले. शाळेने त्या वर्षीची फी चार भागांत घेतली, वर एक पैसाही न लावता. मुलीचा दाखला काढायची वेळ आली नाही. चक्की चालू आहे, आणि मागच्या वर्षी मसाला दळायचे यंत्र घेताना ताई आधी कागद घेऊन आमच्याकडे आल्या. या वेळी हिशोब मुलीनेच केला, आम्ही फक्त तपासला.

पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही आणि आठवीची मुले गणिताच्या वर्गात बसणार आहोत. ज्या पालकांना चालू किंवा नव्या कर्जाचा खरा दर काढून हवा असेल त्यांनी यावे. कागदाची झेरॉक्स आणावी, मूळ प्रत नको, आणि नाव, पत्ता व खाते क्रमांक पेनाने खोडून आणावेत. मुलांना फक्त चार गोष्टी लागतात : हातात किती पडले, हप्ता किती, हप्ते किती आणि पहिला हप्ता कधी.