निजामशाहीचा समुद्र

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला समुद्र नाही, आणि मुळा-प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या आम्हां नगरकरांना खारा वारा परकाच. परंतु ज्या निजामशाहीने आमचे शहर वसविले, तिच्या मुलखाचे दार चौल बंदरात समुद्राकडे उघडत असे, आणि म्हणून अलिबागेस मुक्काम ठेवून चौलालगतच्या रेवदंड्याची एका दिवसाची सफर नगरकराने एकदा तरी करावी, असे मला मनापासून वाटते.

अलिबागेहून मुरूडकडे जाणारी सडक जुन्या किल्ल्याचा तट भेदूनच रेवदंड्यात शिरते. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, नांदती घरे, आणि त्यांच्या आडून अवचित डोकावणाऱ्या पोर्तुगीज प्रार्थनामंदिरांच्या काळवंडलेल्या भिंती. त्यांत सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा, वरचे खण ढासळले तरी, अजून माडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा आहे.

दख्खनच्या फौजांना अरबी घोडे लागत आणि ते जलमार्गानेच येत. चौलास घोडे उतरू देण्याच्या बोलीवर बुऱ्हाण निजामशहाने १५२१ साली पोर्तुगीजांना येथे कोट बांधण्याचा परवाना दिला. अर्धशतकात ते ठाणे इतके बळावले की, विजापूरचा अली आदिलशहा गोव्याला वेढा घालून बसला असतानाच, १५७०च्या अखेरीस बुऱ्हाणाचा नातू मुर्तझा निजामशहा मोठी फौज घेऊन घाट उतरला. मोर्चे बांधले गेले, तोफा धडाडल्या, महिनोन्‌महिने झुंज चालली. आणि तरीही १५७१च्या पावसाळ्यात तह करून त्याला माघारी फिरावे लागले. ओहोटीच्या वेळी तटाच्या पायथ्याशी पुळणीवर उतरावे, म्हणजे याचे एक मोठे कारण डोळ्यांना दिसते: जमिनीकडून कितीही आवळले, तरी या बाजूने रसद आणि कुमक येतच राहणार. आमच्या भुईकोटाचा खंदक पाहत वाढलेल्या मला ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावरच खऱ्या अर्थाने उमगली.

दुपारी कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईच्या डोंगरावर जावे. खाडीच्या तोंडावरील ही मोक्याची जागा निजामशाहीने बळकट केली खरी, पण १५९४ साली तीही पोर्तुगीजांनी जिंकली. पुढे १७४०मध्ये दोन्ही ठाणी मराठ्यांच्या स्वाधीन झाली. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे मात्र पोर्तुगीजातून उपजलेली, मराठीने माखलेली आपली बोली, ‘नौ लिंग’ म्हणजे आमची भाषा, आजही घरात बोलतात.