बारवेला सिमेंट लावण्याआधी थांबा



या पानावर आपण एरवी बीजप्रक्रिया, बोंडअळी, शेततळे अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. गावातली जुनी बारव, देऊळ, वेस किंवा गढी दुरुस्त करायची वेळ आली, तर ती कशी करावी आणि कुणाला विचारून करावी, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. "हे कृषीवाल्याचं काम आहे का?" असे कुणी म्हणेल. पण बारव म्हणजे पाणी आणि काळी माती. या दोन्हींशी आपला रोजचाच संबंध आहे.

एका गावची हकीगत सांगतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे काळ्या घडीव दगडाची जुनी बारव आहे. तीन बाजूंनी पायऱ्या, एका बाजूला मोटेची जागा, आत दोन कोनाडे. काही वर्षांपूर्वी तिच्या दर्जांमध्ये झुडपे उगवली होती, वरचे दोन-तीन चिरे सरकले होते. ग्रामपंचायतीत ठराव झाला की झुडपे तोडून घ्यायची, दर्जा सिमेंटने भरायच्या, वरून गिलावा करून रंग द्यायचा. त्या सभेला मीही होतो. मीही मान डोलावली. "चांगलं काम होतंय," असे बोललोसुद्धा.

पहिल्या वर्षी बारव नव्या नवरीसारखी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटले. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्या भिंतीचा पंधरा-वीस फूट भाग आत कोसळला. रात्रीची वेळ होती म्हणून निभावले. दिवसा त्याच भिंतीखाली बायका धुणे धुतात.

त्यानंतर कुणाच्या तरी ओळखीने जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्या एक आर्किटेक्ट बाई आल्या. सोबत चुन्याचे काम जाणणारे दोन गवंडी होते. लगेच काम सुरू होईल असे सगळ्यांना वाटले. पण मॅडमनी दोन दिवस एका दगडालाही हात लावला नाही. टेप घेऊन मापे घेतली, प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, लाकडी दांडक्याने गिलाव्यावर टकटक करून कुठे पोकळ वाजते ते खडूने आखले. बाकीचा वेळ त्या बारवेच्या वरच्या अंगाला असलेल्या शेतात फिरत होत्या. मंडळी वैतागली. बारव खाली पडली आणि या वरच्या वावरात काय बघतात?

तिथे एका म्हाताऱ्या बाबांना त्यांनी विचारले, "बाबा, पावसाचं पाणी आधी इकडून कुठं जायचं?"

बाबा म्हणाले, "माय, हितून चर होती. ओढ्याला जायची. वावर सपाट केलं तवा बुजिवली."

रोगाचे मूळ सापडले ते तिथे. आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. बारवेच्या भिंतीमागे हीच माती असते. चर बुजल्यामुळे वरच्या वावरातले सगळे पाणी भिंतीमागे मुरू लागले. तरीही जुनी भिंत तग धरून होती, कारण दगडांच्या दर्जांतून ते हळूहळू पाझरून आत उतरत होते. आम्ही सिमेंट भरून त्या सगळ्या वाटा बंद केल्या. मग मागे पाण्याचा आणि फुगलेल्या मातीचा दाब साठत गेला आणि भिंत पुढे ढकलली गेली. सांडवा नसलेला बांध किती पावसाळे टिकतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा जतनाचे काम म्हणजे रंगरंगोटी नव्हे. पीक पिवळे पडले की आपण आधी मुळाशी उकरून बघतो, मग औषध ठरवतो. ही मंडळीही तेच करतात. पाणी कुठून येते, कुठे जाते, भार कशावर आहे, दगड कुठला आहे, आधी कुणी काय दुरुस्ती केली आहे, हे सगळे कागदावर आल्याशिवाय ती थापी हातात घेत नाहीत.

आता चुन्याचे पाहू. चुना हा सिमेंटचा मागासलेला भाऊ आहे, अशी आपल्या डोक्यात पक्की समजूत आहे. माझ्याही होती. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो रटरट उकळतो आणि विरतो. विरवलेला चुना वाळू किंवा विटेची सुरखी घालून घाणीत मळला आणि भिंतीत भरला, की तो हवेतला कार्बन वायू ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. यात दोन गुण आहेत. एक म्हणजे तो थोडा लवचिक राहतो, भिंत केसभर हलली तरी सांभाळून घेतो. दुसरा गुण म्हणजे त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट कडक असते, ओल अडवून धरते. मग ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट शाबूत राहते आणि शेजारचा दगड झिजतो, असे दृश्य तुमच्या गावच्या देवळाच्या जोत्यालाही दिसेल. एकदा जाऊन बघा.

जुने कारागीर चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे काही ना काही घालत. हे थोतांड नव्हे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याचा अभ्यास पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. किडीपासून गिलावा वाचण्यामागे हेही एक कारण असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यालाही कीड-नियंत्रणाची काळजी होती म्हणायची!

जाणकार माणसाच्याही हातून चूक होते, हेही सांगितले पाहिजे. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, अजिंठाही त्याच संस्थानात. १९२० च्या सुमारास संस्थानाने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी थेट इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागेवर बसवला, ते काम उपयोगाचे झाले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा पातळ थर दिला. पुढे तो थर पिवळा-काळा पडला, त्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळली. तो काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षे गेली. म्हणून आज या क्षेत्रात एक दंडक पाळतात. जे लावाल ते उद्या दगडाला इजा न करता काढता आले पाहिजे. आपल्या बारवेवरचा तैलरंग या कसोटीत बसतो का, तुम्हीच सांगा.

आपल्याच जिल्ह्यातले मोठे उदाहरण म्हणजे बीडजवळची खजाना विहीर. हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे १५८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली. बांधणाऱ्याचे नाव राजा भास्कर असे सांगतात. मलिक अंबराच्या औरंगाबादच्या नहरींच्याही आधीचे हे काम आहे. वरून पाहिले तर एक गोल विहीर दिसते. खरी करामत जमिनीखाली आहे. भुयारी नहरींतून झऱ्यांचे पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या नहरीने उताराला धरून खालच्या शेतांकडे, बलगुजार भागाकडे जाते. ना मोट, ना इंजिन. दुष्काळातही तिची पातळी हटत नाही, अशी तिची ख्याती आहे. या नहरींवर हवेसाठी आणि गाळ काढायला उतरण्यासाठी ठिकठिकाणी उसासे ठेवलेले असतात. आता असा उसासा तुमच्या वावरात असेल आणि तुम्ही "फुकटचा खड्डा" म्हणून त्यात दगड-माती, पालापाचोळा ढकलला, तर नहर तिथेच तुंबते. नहरीजवळ सुरुंग उडवला किंवा बोअर मारली तर पाण्याची चारशे वर्षांची वाट मोडू शकते. विहिरीची फरशी कितीही झाडून ठेवली तरी उसासे बुजले की विहीर मेली. इथे जतन करायचे ते मुख्यतः शेतकऱ्यांच्या बांधावर आहे.

झाडांचे दोन शब्द, कारण हे माझ्या खात्याचे. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे भिंतीत दिसली की बोटाएवढी असतानाच, पावसाळ्यात ओल असताना, मुळासकट हळूच काढा. मनगटाएवढे झाड झाले असेल तर दोर लावून उपटू नका, मुळासोबत चार चिरे बाहेर येतात. नुसते वरून तोडलेत तर पुढच्या वर्षी ते दुप्पट जोमाने फुटते आणि मूळ जाड होते. खोड कापून बुंध्याची साल गोलाकार सोलायची, फुटवे येतील तसे खुडत राहायचे. मूळ वाळले की भिंत थोडी उकलून ते काढायचे आणि पोकळी चुन्याने भरायची. बारवेत तणनाशक ओतू नका. ते पाणी गुरे पितात.

आता सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी. तुमच्या गावची वास्तू संरक्षित यादीत आहे का, हे आधी तहसीलमार्फत पुरातत्त्व विभागाला लेखी विचारा. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो, केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही दुरुस्ती कायद्यात २०१० साली झाली. अशा वास्तूला ग्रामपंचायतीने परस्पर हात लावायचा नाही. पण बहुतेक गावांच्या बारवा कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचा वाली म्हणजे ग्रामपंचायतच.

अडचण येते ती कॅलेंडरची. निधी येतो मार्चच्या तोंडावर आणि खर्च करायचा म्हणून काम उरकले जाते एप्रिल-मेच्या उन्हात. चुन्याला ते मानवत नाही. चुना आधी काही आठवडे भिजवून ठेवावा लागतो, काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत बसवावे लागते, आणि झालेले काम ओल्या गोणपाटाखाली दोन-तीन आठवडे सावकाश सुकू द्यावे लागते. तेव्हा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. अंदाजपत्रकात चुन्याच्या कामाची बाब आणि जाणकार गवंडी स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर छापील साच्यातले सिमेंट आपोआप येऊन बसते. हे स्वस्त पडते असे मी म्हणणार नाही. मजुरी जास्त लागते. पण पाणी वळवणारी चर खणणे, उसासे मोकळे ठेवणे, गाळ काढणे याला फार पैसा लागत नाही, आणि निम्मे जतन त्यातच होते.

नांगराला मूर्ती, कोरीव दगड किंवा नाणी लागली तर धुऊ नका, शेंदूर फासू नका, विकू नका. जागेचा फोटो काढून तहसीलदारांना कळवा. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. कळवणाऱ्याचा हक्क त्यात धरलेला आहे, लपवणाऱ्याला मात्र शिक्षा आहे.

त्या गावात काय झाले, ते राहिले. वरच्या वावरातली चर पुन्हा खणली. त्यासाठी दोन भावांना जमिनीची एक पट्टी सोडावी लागली आणि त्यावरून पंधरा दिवस बोलाचाली झाली. धाकट्याचे म्हणणे होते, "वावर आमचं, बारव गावाची, मग तोटा आमच्याच पदरी का?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी चरीच्या कडेने गवत लावायचे आणि ते त्यानेच कापायचे, असे ठरले. बारवेत पडलेले चिरे एकेक करून वर काढले, त्यांवर आकडे टाकले आणि ते ओळीने मांडून ठेवले. सतरा चिरे कमी भरले. त्यातले अकरा गावातच सापडले. कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या गोठ्यात, एक तर धुण्याचा दगड म्हणून. ज्यांच्याकडे होते त्यांनी ते रात्रीतून आणून ठेवले. कुणी कुणाला विचारले नाही.

उरलेल्या तीन भिंतींवरचे सिमेंट छिन्नीने, हाताने काढणे चालू आहे. फार किचकट काम आहे, दिवसाला जेमतेम दोन हात भिंत मोकळी होते. चुन्याचा हौद शाळेच्या मागे भरून ठेवला आहे. पोरांनी त्यात हात घालू नये म्हणून गुरुजींनी भोवती काट्या लावल्या आहेत. ज्यांना काम बघायचे आहे, त्यांनी पंचायत समितीत मला भेटावे. दिवाळीनंतर भिंत चढायला सुरुवात होईल, तेव्हा सोबत जाऊ.