विश्लेषण : जुन्या ‘आरएक्स १००’चा क्लच का घसरतो? प्लेट बदलाव्यात की वाढवाव्यात?

भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली ‘यामाहा आरएक्स १००’ आजही रस्त्यावर दिसते आणि चांगल्या किमतीला विकली जाते. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सुमारे ११ अश्वशक्ती ही तिची ओळख. मात्र या वयाच्या अनेक गाड्यांत एक तक्रार हमखास आढळते. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते, पण गाडी तितकी पळत नाही. घाटात ट्रकला मागे टाकताना असे झाले तर जिवावर बेतू शकते.

क्लच काम कसे करतो?

आरएक्सचा क्लच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. घर्षण प्लेटांचे कान बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत बसतात. त्यांच्यामधल्या स्टील प्लेट आतल्या हबला धरून फिरतात. स्प्रिंगच्या दाबाने हा थर घट्ट राहतो आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. लिव्हर दाबला की प्रेशर प्लेट उचलली जाते आणि हा संबंध सुटतो. दाब कमी पडला तर क्लच घसरतो. प्लेट नीट सुट्या झाल्या नाहीत तर सिग्नलला गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही.

इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

सर्वप्रथम केबल. लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिमी मोकळीक हवी. ती नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटाही जळतात. त्यानंतर गिअर ऑइल. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे प्लेट घसरतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असल्याची खात्री करावी. ‘एमबी’ तेल या क्लचसाठी नाही. बाहेर गळती नसताना तेल कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर क्रँकचे क्लचकडील सील गेल्याची शक्यता असते.

उघडल्यावर काय मोजावे?

घर्षण प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून कंपनीच्या मर्यादेशी ताडावी. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवल्या की त्यांचा वाक दिसतो. निळ्या पडलेल्या प्लेट तापल्याची खूण असते. बहुतेक वेळा दुर्लक्ष होते ते हाउसिंगकडे. प्लेटांच्या कानांनी खाचांत खड्डे पाडलेले असतील तर नव्या प्लेटाही त्यात अडकतात. हलके खड्डे कानशीने साफ होतात. खोल असतील तर हाउसिंगच बदलावे लागते.

‘अपग्रेड’ने खरेच फायदा होतो?

क्लचची पकड स्प्रिंगचा दाब, घासणारे पृष्ठभाग आणि प्लेटांची त्रिज्या यांवर ठरते. समजा, चार घर्षण प्लेट आहेत. म्हणजे आठ पृष्ठभाग झाले. पाचवी बसवली की दहा होतात आणि त्याच स्प्रिंगवर पकड २५ टक्के वाढते. मात्र जागा तेवढीच असल्याने स्टील प्लेट पातळ घ्याव्या लागतात. थराची उंची चुकली तर क्लच नीट सुटत नाही. कडक स्प्रिंग टाकणे सोपे. पण २५ टक्के जादा दाब म्हणजे लिव्हरही तितकाच जड, आणि केबल व पुश रॉडवर वाढीव ताण. शहरातल्या कोंडीत त्याची किंमत मनगट मोजते.

मग निर्णय काय घ्यावा?

पोर्टिंग करून इंजिनाची ताकद वाढवली असेल तर जादा प्लेटेला अर्थ आहे. मूळ इंजिनाला मूळ मापाचा, धडधाकट क्लच पुरतो. नव्या घर्षण प्लेट बसवण्यापूर्वी काही तास त्याच तेलात भिजवाव्यात, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळावेत आणि गास्केट नवे घालावे. शेवटी मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून पाहावा. आवाज आणि वेग सोबत वाढले, तर काम झाले.