पायथनची 'ईएक्सई' चालते, मग नोंदी रातोरात गायब का होतात?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या एका तरुणाने तिथल्या एखाद्या जिनिंगसाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. कापसाच्या गाडीचं वजन आणि भाव टाकायचा, मराठीत पावती छापायची. त्याच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. जिनिंगच्या कॉम्प्युटरवर पायथनच नाही, म्हणून 'पायइन्स्टॉलर' वापरून त्याने एकच ईएक्सई फाइल बनवली. पेन ड्राइव्हने नेली, डबल क्लिक केलं आणि एरर आला: फॉन्टची फाइल सापडत नाही.

असं का? पायइन्स्टॉलर हे मोफत साधन कोडमधल्या 'इम्पोर्ट'च्या ओळी पाहून लागणारी मॉड्यूल्स आणि खुद्द पायथन गोळा करतं. फॉन्ट किंवा लोगोचं मात्र कोडमध्ये नुसतं नाव असतं. ती फाइल सोबत न्यायची आहे, हे 'ॲड-डेटा' पर्याय देऊन सांगावं लागतं: कुठली फाइल घ्यायची आणि आत कुठे ठेवायची. या दोन्हींच्या मध्ये पूर्वी विंडोजवर अर्धविराम लागायचा, लिनक्सवर कोलन. इंटरनेटवरून उचललेली कमांड इथेच अडायची. 2023 मध्ये आलेल्या 6.0 आवृत्तीपासून कोलन सगळीकडे चालतो.

खरी फसगत पुढे आहे. एकच दिसणारी ही ईएक्सई म्हणजे बांधलेलं गाठोडं. डबल क्लिक केलं की ते दरवेळी टेम्पमधल्या नव्या फोल्डरमध्ये सुटतं (उघडायला वेळ लागतो तो यामुळेच) आणि प्रोग्राम बंद होताच ते फोल्डर पुसलं जातं. पत्ता दरवेळी बदलत असल्याने तो कोडमध्ये 'सिस' मॉड्यूलच्या '_एमईआयपीएएसएस'मधून घ्यावा लागतो.

आता याच गाठोड्यात त्याने रोजच्या नोंदींची फाइलही बांधली आणि त्याच पत्त्यावर लिहीत राहिला तर? दिवसभर सगळं ठीक दिसेल. कुणाचा कापूस किती क्विंटल, कुणाचे किती पैसे बाकी. संध्याकाळी प्रोग्राम बंद केला की सगळं साफ, तेही एररशिवाय. सकाळी पुन्हा कोरी फाइल. ऐन हंगामात पावती हरवलेला शेतकरी काट्यावर आला, तर दाखवायला काहीच नाही.

उपाय सोपा आहे. फक्त वाचायच्या फाइली आत, लिहायच्या बाहेर. नोंदी युजरच्या 'ॲपडेटा' किंवा डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ठेवायच्या. ईएक्सईच्या शेजारीही ठेवता येतात, पण ती 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असेल तर विंडोज साध्या युजरला तिथे सहसा लिहू देत नाही. भावाचा तक्ताही बाहेरच बरा. नाहीतर भाव बदलला की ईएक्सई पुन्हा बनवा. आणि प्रोग्राम कुणाच्या हाती देण्याआधी एक खोटी नोंद टाकून, बंद करून, पुन्हा उघडून पाहावं.