उजेडानं जागं होणारं औषध

रात्री घरातला दिवा मालवा. बॅटरी पेटवा आणि तिच्या काचेवर तळहात घट्ट दाबून धरा. काय दिसतं? बोटांच्या कडा लाल दिसतात. बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. निळा, हिरवा उजेड रक्तामांसातच अडकतो. तांबडा मात्र थोडा पुढं जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं तिचं काम पडणार आहे.

आज आपण मेंदूतल्या गाठीची माहिती घेऊ.

मेंदू डोक्याच्या कवटीत बंद असतो. मोठ्या माणसाची कवटी वाढत नाही. आत गाठ वाढली की मेंदू दाबला जातो. मग सकाळी उठताना डोकं ठणकतं, ओकारी होते. ज्याला कधी फेफरं आलं नव्हतं, त्याला एकाएकी फेफरं येतं. एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडू लागतो. बोलताना शब्द सापडत नाहीत. नजर अंधुक होते.

अशा वेळी घरात काय चालतं? कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल हुंगवतो. कुणी म्हणतो, बाहेरचं काही लागलं असेल, देवऋष्याकडं न्या. यात दिवस जातात आणि गाठ वाढत राहते.

मेंदूतली प्रत्येक गाठ वाईट असते असं नाही. काही गाठी शेतातल्या धोंड्यासारख्या असतात. धोंडा उचलून बांधावर टाकला की शेत मोकळं. वाईट गाठ मात्र कुंद्यासारखी असते. कुंदा कसा असतो हे आपल्या परभणीच्या काळ्या रानातल्या माणसाला सांगायला नको. वरून खुरपलं तरी खाली काशी राहते आणि पुन्हा फुटते. शेतात कुंदा खणताना कपाशीची चार झाडं गेली तरी चालतं. मेंदूत तसं चालत नाही. बोटभर चांगला भाग कापला गेला तर माणसाची वाचा जाईल, नाही तर हात जाईल.

म्हणून डॉक्टरांपुढं दोन प्रश्न असतात. गाठ कुठं संपते आणि चांगला मेंदू कुठं सुरू होतो, हे ओळखायचं कसं? आणि मागं राहिलेल्या काशीचं करायचं काय? या दोन्ही कामांत उजेडाचा उपयोग होतो.

उजेडानं औषध जागं होतं, ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती. कोडाच्या डागावर ते बावचीचं बी वाटून लावत आणि रोग्याला उन्हात बसवत. बावचीतलं द्रव्य उन्हानं जागं होतं आणि कातडीवर काम करतं. (हा प्रयोग घरी करू नका बरं का! कातडी भाजून मोठे फोड येतात.) पुढं 1900 साली जर्मनीतल्या म्युनिक शहरातून एक शोध जाहीर झाला. पाण्यातल्या बारीक जिवांना एक रंग दिला होता. अंधारात ते जगले. उजेडात आणले तेव्हा मेले.

आता पहिला प्रश्न घ्या. ऑपरेशनच्या काही तास आधी रोग्याला एक औषध पाण्यातून पाजतात. त्यापासून होणारं द्रव्य गाठीत जास्त साठतं. ऑपरेशन करताना डॉक्टर निळा उजेड टाकतात. मग गाठ गुलाबी-तांबडी चमकते आणि चांगला मेंदू तसा चमकत नाही. जर्मनीत याची मोठी परीक्षा झाली. तिचा निकाल 2006 साली आला. साध्या उजेडात ऑपरेशन केलं तेव्हा शंभरांतल्या 36 रोग्यांची फोटोत दिसणारी गाठ पुरती निघाली. या औषधानं 65 जणांची निघाली. 2017 साली अमेरिकेच्या सरकारनंही या औषधाला परवानगी दिली.

दुसरा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी शास्त्रज्ञ फार बारीक कण तयार करीत आहेत. किती बारीक? डोक्याच्या एका केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यांतल्या एका भागाएवढा. 2006 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी असे कण मेंदूत गाठ असलेल्या उंदरांना दिले. कणांत लोखंडाचा अंश होता. त्यामुळे तपासणीच्या फोटोत गाठ उठून दिसली. त्यांत उजेडानं जागं होणारं औषधही होतं. तांबडा उजेड टाकल्यावर ते जागं झालं आणि त्यानं गाठीवर मारा केला.

असंच काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. मुंबईला पवईत आयआयटी ही संस्था आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावर शोध करणारी संस्था आहे. या दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी स्निग्ध द्रव्याच्या बारीक गोळ्यांवर सोनं चढवलं. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यांवर टाकला की ते तापतात आणि गाठ जळते. उंदरांवरचा हा प्रयोग 2015 साली जाहीर झाला. काम झाल्यावर हे कण फुटून शरीराबाहेर जातात, हेही त्यांनी दाखवलं. ती गाठ मेंदूची नव्हती. पण वाट तीच आहे.

मग अडचण कुठं आहे? पहिली अडचण उजेडाची. बॅटरीवर हात ठेवला तेव्हा आपण पाहिलं, तांबडा उजेडही थोडाच आत जातो. म्हणून मेंदूत खोल उजेड न्यायचा तर काचेची बारीक तार आत घालावी लागते. दुसरी अडचण रक्तवाहिन्यांची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. वेशीवरच्या राखणदारासारख्या त्या बहुतेक औषधांना आत सोडत नाहीत.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा होईलच असं नाही. मेंदूच्या गाठीवर हे सोन्याचे कण अजून दवाखान्यात मिळत नाहीत. कुणी "सोन्याचं औषध देतो, ऑपरेशन नको" म्हणून पैसे मागितले, तर त्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका.

आज हाताशी असलेले उपाय म्हणजे तपासणी, ऑपरेशन, किरणांचे उपचार आणि औषधं. वर सांगितलेली लक्षणं दिसली तर आधी परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठा. फेफरं आलं तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या. मुंबईला जावं लागलं तर परळला टाटा रुग्णालय आहे. 1941 सालापासून तिथं कर्करोगाचे उपचार होतात. परभणीहून देवगिरी गाडी थेट मुंबईला जाते.

नवं औषध येईल तेव्हा येईल. त्याची वाट पाहत घरी बसू नका. कुंदा लहान असतानाच खणावा लागतो.